गोचीड नखाने चिरडू नये
क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप या गोचिडीतून पसरणाऱ्या विषाणूजन्य आजारावर वाचलेल्या एका लेखात गोचिडीविषयी एकच ओळ आहे, याचे वाईट वाटले. आमच्या यवतमाळकडील गावात पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, बैलाच्या कानामागच्या टम्म फुगलेल्या गोचिड्या उपटून अंगठ्याच्या नखाने चिरडतात आणि ते रक्त तसेच धोतराला पुसतात. लहानपणापासून मीही तेच करत आलो. या तापाचा विषाणू मुख्यतः हायलोमा प्रकारच्या गोचिडीतून आणि बाधित जनावराच्या ताज्या रक्तातून माणसात येतो, पण बैल आजारी दिसतच नाही, आणि खरी अडचण तीच आहे. भारतात २०११ मध्ये गुजरातेत त्याचे पहिले रुग्ण निश्चित झाले. मृत्यूचे प्रमाण १० ते ४० टक्के असते. गोचीड हातमोजे घालून चिमट्याने काढावी, आणि पुढच्या काही दिवसांत ताप आल्यास डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगावी.