व्हॅन मॉरिसनचा तो लाइव्ह अल्बम एका रात्रीचा नाही
उत्तर आयर्लंडचा गायक व्हॅन मॉरिसन, त्याचा 'इट्स टू लेट टू स्टॉप नाऊ' हा लाइव्ह अल्बम म्हणजे लंडनच्या एकाच रात्रीचा अख्खा शो असं जे फिरतंय ना, ते चूक आहे. १९७३ च्या टूरमधली तीन ठिकाणची गाणी त्यात आहेत, लॉस एंजेलिसचा ट्रुबाडोर क्लब, सांता मोनिका सिव्हिक ऑडिटोरियम आणि लंडनचं रेनबो थिएटर, रेनबोच्या शोचं शूटिंगही झालेलं त्यामुळे बहुतेक हा घोळ. स्टुडिओत नंतर ठिगळं लावली नाहीत हे मात्र खरंय, आणि ऐकताना ते कळतंच, 'सायप्रस अव्हेन्यू' या गाण्यात बँड मधेच थांबतो, पब्लिक ओरडतंय, हा व्हॅनबाबा ढिम्म! सॅम कुक, रे चार्ल्स या अमेरिकन सोल गायकांची गाणी तर काय गायलीत राव. तिन्ही ठिकाणची आणखी रेकॉर्डिंग्ज २०१६ ला आलीत, ती वेगळी.