गुन्हा पाहून की गुन्हेगार पाहून? नॅस्कारच्या दंडांवरील आरोपाचा प्रतिवाद

अमेरिकेत स्टॉक कार (नेहमीच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या) शर्यती भरवणाऱ्या नॅस्कार या संस्थेविषयी एक आरोप वर्षानुवर्षे फिरत आहे आणि प्रत्येक नव्या दंडाबरोबर तो पुन्हा जोमाने पसरतो. त्याचा आशय असा: ‘नॅस्कारमध्ये दंड गुन्हा पाहून नव्हे, तर गुन्हेगार पाहून ठरतो. हेन्ड्रिक मोटरस्पोर्ट्ससारखे बडे संघ आणि लोकांचे लाडके चालक सुटतात, छोटे संघ भरडले जातात, नियम सोयीने बदलले जातात आणि अपील हा निव्वळ देखावा असतो.’ हा आरोप करणाऱ्यांची तळमळ खरी आहे, कारण ज्या खेळात एका गुणाने हंगामाचे भवितव्य ठरते तेथे दंड न्याय्य असलाच पाहिजे. मात्र प्रत्यक्ष निर्णय एकापुढे एक मांडून पाहिले, तर आरोपातील बहुतेक विधाने टिकत नाहीत. विसंगती आहे, पण ती आरोपकर्ते दाखवतात त्या ठिकाणी नाही.

पहिले विधान असे की गाडीत फेरफार केल्याबद्दल बड्यांना सौम्य आणि छोट्यांना कठोर दंड होतो. येथे थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. २०२२ पासून कप मालिकेत, म्हणजे नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेत, नव्या पिढीची गाडी आली आणि पूर्वी संघ स्वतःच्या कारखान्यात बनवत असलेले बहुतेक भाग ठरवून दिलेल्या एकाच पुरवठादाराकडून घेणे बंधनकारक झाले. त्या भागाला कानस लावणे, त्याचा आकार बदलणे किंवा त्याला नवे छिद्र पाडणे हा गंभीर नियमभंग ठरला. त्याच वर्षी दंडांची तीन स्तरांची नवी रचना लागू झाली आणि अशा फेरफारासाठी दुसऱ्या स्तरावर ७५ ते १२० गुणांच्या कपातीची तरतूद झाली. बहुतेक शर्यतींत एका चालकाला जास्तीत जास्त ६० गुण मिळू शकत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या कपातीचे वजन कळते.

या रचनेखाली पहिला मोठा दंड झाला तो मार्च २०२२ मध्ये, अटलांटाच्या शर्यतीनंतर, ब्रॅड केसेलोव्स्की याच्या गाडीला. केसेलोव्स्की हा माजी विजेता आणि संघाचा भागीदार मालक. त्याला १०० गुणांची कपात, प्लेऑफच्या (विजेतेपद ठरवणाऱ्या हंगामाअखेरच्या टप्प्याच्या) १० गुणांची कपात, क्रू चीफला (गाडीच्या तांत्रिक चमूच्या प्रमुखाला) एक लाख डॉलर दंड आणि चार शर्यतींचे निलंबन झाले. जुलैमध्ये पोकोनोनंतर फ्रंट रो मोटरस्पोर्ट्स या तुलनेने लहान संघाच्या मायकेल मॅकडॉवेलला अगदी हाच दंड झाला. ऑक्टोबरमध्ये टॅलडेगानंतर केव्हिन हार्विकच्या गाडीत फेरफार सापडला, तेव्हाही आकडा १०० गुण, एक लाख डॉलर आणि चार शर्यती असाच राहिला. हार्विकने त्या काळात नव्या गाडीच्या सुरक्षिततेवर उघड टीका केली होती, म्हणून त्याला धडा शिकवला गेला, असे आजही सांगितले जाते. पण मार्चमध्ये आणि जुलैमध्ये इतरांना जो दंड झाला त्याहून एक गुणही त्याला अधिक लागला नाही. सूड घ्यायचाच असता तर १२० पर्यंतची जागा नियमातच मोकळी होती.

आता हेन्ड्रिककडे येऊ, कारण सगळा रोष तेथेच साठला आहे. मार्च २०२३ मध्ये फिनिक्स येथे पहिल्या सरावानंतर हेन्ड्रिकच्या चारही गाड्यांच्या हुडवरील, रेडिएटरची गरम हवा बाहेर सोडणारे लूव्हर नॅस्कारने जप्त केले. काउलिग रेसिंगच्या जस्टिन हेलीच्या गाडीवरही तसाच फेरफार सापडला. निकाल पाचही गाड्यांसाठी एकच होता: प्रत्येकी १०० गुण, प्रत्येक क्रू चीफला एक लाख डॉलर आणि चार शर्यतींचे निलंबन. म्हणजे मालिकेतील सर्वांत यशस्वी संघ आणि एक मध्यम संघ एकाच आठवड्यात, एकाच भागासाठी, एकाच मापाने मोजले गेले. पुढच्याच महिन्यात रिचमंडनंतर हेन्ड्रिकच्या विल्यम बायरन आणि ॲलेक्स बोमन यांना ६०-६० गुणांचा आणखी एक दंड झाला. लाडक्या संघाला वाचवण्याची ही पद्धत नव्हे.

त्याच वर्षी मे महिन्यात स्ट्युअर्ट-हास संघाच्या चेस ब्रिस्को याला १२० गुणांची कपात आणि क्रू चीफला अडीच लाख डॉलर व सहा शर्यतींचे निलंबन असा सर्वांत जड दंड झाला. वरवर पाहता ही विसंगती वाटते, परंतु त्या गाडीत मूळ भागात फेरफार नव्हता. पुरवठादाराच्या भागाऐवजी बनावट भाग बसवला होता. हा तिसऱ्या स्तराचा गुन्हा आहे आणि तो तसाच मोजला गेला. संघाने चूक मान्य केली आणि अपीलही केले नाही.

दुसरे विधान अपिलाचे आहे आणि येथे आरोपकर्त्यांच्या हातात खरोखर काहीतरी आहे, फक्त त्यांनी ते उलटे धरले आहे. हेन्ड्रिकच्या अपिलावर २९ मार्च २०२३ रोजी तीन सदस्यांच्या स्वतंत्र अपील मंडळाने निर्णय दिला की नियमभंग झाला आहे, आर्थिक दंड आणि निलंबन कायम राहील, पण कापलेले सगळे गुण परत द्यावेत. गुण का परत दिले, याचे कारण मंडळाने सांगितले नाही. काही दिवसांनी काउलिगचे अपील वेगळ्या तीन सदस्यांपुढे आले आणि त्यांनी १०० चे फक्त ७५ गुण केले. एकाच प्रकारचा भाग, एकाच ठिकाणची जप्ती, तरी एका संघाला शून्य आणि दुसऱ्याला ७५ गुणांची कपात. हा अन्याय होता, असे मला स्पष्टपणे वाटते, आणि काउलिगच्या चाहत्यांनी तो विसरू नये.

पण हा अन्याय केला कोणी? नॅस्कारने पाचही गाड्यांना सारखाच दंड केला होता. तो असमान झाला मंडळाच्या दारात. नॅस्कारला तो निकाल इतका अमान्य होता की एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात तिने नियमात बदल केला. नियमभंग सिद्ध झाला असेल तर मंडळाला दंडाचा एखादा भाग पूर्ण पुसून टाकता येणार नाही आणि ठरलेल्या किमान मर्यादेखाली जाता येणार नाही, असे बंधन घातले. हेन्ड्रिकला वाचवण्यासाठी संगनमत झाले असते, तर ज्या वाटेने तो संघ वाचला तीच वाट संस्थेने लगेच बंद केली नसती.

यापूर्वीही असे घडले होते, हे मान्य केले पाहिजे. २०१२ मध्ये डेटोना येथे जिमी जॉन्सनच्या गाडीच्या छताला आधार देणाऱ्या मागच्या खांबांच्या आकारावरून हेन्ड्रिकच्याच चॅड क्नाउस या क्रू चीफला सहा शर्यतींचे निलंबन आणि संघाला २५ गुणांची कपात झाली. अंतिम अपिलात जॉन मिडलब्रुक यांनी एक लाख डॉलरचा दंड वगळता सगळे रद्द केले. मिडलब्रुक हे जनरल मोटर्सचे माजी अधिकारी होते आणि जॉन्सनची गाडी त्याच कंपनीची शेव्हरोले होती. अशा वेळी लोकांच्या मनात शंका आली तर तिला वेडगळ म्हणता येणार नाही. हितसंबंधाची सावलीही पडणार नाही असा माणूस त्या खुर्चीत असायला हवा होता.

तरीही ‘अपील म्हणजे देखावा’ आणि ‘अपिलात बडे सुटतात’ ही दोन विधाने एकाच श्वासात करता येत नाहीत. देखाव्यात निकाल बदलत नसतो आणि येथे तो वारंवार बदलला आहे. शिवाय प्रत्येक बड्याच्या बाजूने तो बदललेला नाही: २०२२ मध्ये केसेलोव्स्कीच्या संघाचे अपील फेटाळले गेले आणि तो त्या वर्षी प्लेऑफमध्ये पोहोचला नाही. याउलट २०२५ च्या डेटोना शर्यतीनंतर तोवर जो गिब्स संघात गेलेल्या ब्रिस्कोवर मागील स्पॉयलरच्या (हवेचा दाब वाढवणाऱ्या पट्टीच्या) छिद्रांवरून झालेला १०० गुणांचा दंड मंडळाने संपूर्ण रद्द केला. ही छिद्रे स्पॉयलरचा पाया बसवण्याच्या प्रक्रियेमुळेच मोठी झाली असावीत, असे कारणही त्याने लिहून दिले. तो निकाल पटो वा न पटो, त्याची तपासणी करता येते. २०२३ च्या निकालाची तशी तपासणी करता येत नाही, कारण त्यात तपासायला काही ठेवलेच नव्हते.

तिसरे विधान असे की लाडके चालक मुद्दाम धडक मारूनही सुटतात. मे २०२३ मध्ये शार्लटच्या शर्यतीत चेस एलियटने डेनी हॅमलिनच्या गाडीला मागच्या उजव्या कोपऱ्यावर धक्का देऊन सरळ भिंतीवर पाठवले. एलियट हा वर्षानुवर्षे चाहत्यांच्या मतदानात सर्वांत लोकप्रिय ठरलेला चालक आणि तोही हेन्ड्रिकचा. त्याला एका शर्यतीचे निलंबन झाले. सात महिन्यांपूर्वी लास व्हेगासला बब्बा वॉलेसने काइल लार्सनला अशाच प्रकारे भिंतीवर घातले होते आणि त्यालाही नेमके तेवढेच निलंबन झाले होते. त्याआधी २०१५ मध्ये मार्टिन्सव्हिल येथे अनेक फेऱ्यांनी मागे असलेल्या मॅट केन्सेथने आघाडीवरच्या जोई लोगानोला ठरवून बाद केले, तेव्हा या माजी विजेत्याला दोन शर्यती घरी बसावे लागले. एलियटला निलंबनानंतरही प्लेऑफची पात्रता राखण्याची सवलत मिळाली, ही तक्रार खरी आहे. पण अशी सवलत त्या काळात मागणाऱ्या बहुतेकांना मिळत होती आणि शेवटी तो त्या वर्षी पात्र ठरलाच नाही.

कमी वेगातील धडकांची उदाहरणेही एकसारखी आहेत. २०२२ मध्ये टेक्सासला पिवळा झेंडा (वेग कमी ठेवण्याचा इशारा) असताना बायरनने हॅमलिनला फिरवले, तेव्हा २५ गुण आणि ५० हजार डॉलर असा दंड झाला. २०२४ मध्ये नॅशव्हिलला पिवळ्या झेंड्याखालीच कार्सन होसेव्हारने हॅरिसन बर्टनला फिरवले, तेव्हाही २५ गुण आणि ५० हजार डॉलर. २०२३ मध्ये फिनिक्सला रॉस चॅस्टेनला मुद्दाम धडकल्याचे हॅमलिनने स्वतःच्या पॉडकास्टवर सांगितले, त्यालाही हाच आकडा लागला. बायरनचे गुण अपिलात परत आले आणि त्याऐवजी आर्थिक दंड दुप्पट झाला, म्हणजे फरक पुन्हा मंडळाकडेच पडला.

या विधानाविरुद्ध बोलताना मला जेथे थांबावे लागते ते प्रकरण २०२५ चे आहे. ऑस्टिन शहरातील ट्रॅकवर ऑस्टिन सिंड्रिकने टाय डिलनला उजव्या मागच्या कोपऱ्यावर धक्का दिला. एलियट आणि वॉलेस यांचे उदाहरण समोर असताना निलंबन अपेक्षित होते, पण झाले ५० गुण आणि ५० हजार डॉलर. तो वळणावळणाचा ट्रॅक होता, वेग कमी होता आणि पिवळा झेंडाही लागला नाही, असे स्पष्टीकरण दिले गेले. ही कारणे असंबद्ध नाहीत, कारण वेगवान, लंबगोल (ओव्हल) ट्रॅकवर त्याच धडकेने माणूस मरू शकतो. मात्र कोणत्या वेगापुढे आणि कोणत्या परिणामानंतर निलंबन होईल, हे आधी कोठेही लिहिलेले नव्हते. धडक झाल्यानंतर फूटपट्टी काढली, तर ती कोणासाठी काढली, असा प्रश्न येणारच.

नियम सोयीने बदलतात, या चौथ्या विधानाला फार वेळ द्यावा लागत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मार्टिन्सव्हिलच्या शेवटच्या वळणावर रॉस चॅस्टेनने गाडी भिंतीला टेकवून पूर्ण वेगाने पाच गाड्या ओलांडल्या आणि विजेतेपदासाठी लढणाऱ्या अंतिम चौघांत जागा मिळवली. तेव्हा ते बेकायदा मानले गेले नाही आणि निकाल कायम राहिला. पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, जानेवारी २०२३ मध्ये, सुरक्षेच्या नियमाखाली यापुढे अशा कृतीवर दंड होईल, असे जाहीर झाले. २०२४ मध्ये त्याच ट्रॅकवर क्रिस्टोफर बेलने शेवटच्या वळणावर भिंतीचा आधार घेतला, तेव्हा त्याची अंतिम फेरीतील जागा गेली आणि बायरन अंतिम फेरीत पोहोचला. आधी जाहीर करणे आणि नंतर लागू करणे यालाच नियम म्हणतात. त्याच संध्याकाळी बायरनला मदत केल्याबद्दल ऑस्टिन डिलन आणि चॅस्टेन यांना, तर बेलला मदत केल्याबद्दल वॉलेसला, प्रत्येकी ५० गुण आणि एक लाख डॉलर असा सारखाच दंड झाला. शेव्हरोले आणि टोयोटा अशा दोन्ही कंपन्यांच्या गोटांना तो लागला.

राहिले छोटे संघ. येथे आरोपाचा भावार्थ मला मान्य आहे, जरी त्याचे कारण चुकीचे सांगितले जाते. मे २००९ मध्ये शार्लटला, मुख्य मालिकेच्या गुणांशी संबंध नसलेल्या एका पात्रता शर्यतीत, कार्ल लाँग या तुटपुंज्या साधनांच्या चालकाचे इंजिन ३५८ घन इंचांच्या मर्यादेपेक्षा ०.१७ घन इंच मोठे भरले. त्याबद्दल दोन लाख डॉलर दंड झाला, २०० गुण गेले आणि १२ शर्यतींचे निलंबन झाले, जे अपिलात आठवर आले. तो दंड भरता न आल्याने कप मालिकेचे गॅरेज त्याला अनेक वर्षे बंद राहिले आणि तो २०१७ मध्येच परतू शकला. इंजिनच्या आकाराला नॅस्कार पूर्वीपासून अक्षम्य मानते, म्हणून बड्या संघालाही तोच आकडा लागला असता. पण त्या संघाने तो प्रायोजकाच्या पैशातून एका दिवसात भरला असता आणि पुढच्या रविवारी गाडी उतरवली असती.

गुणांच्या बाबतीतही हेच घडते. २०२३ मध्ये एक विजय मिळवणाऱ्या चालकाची प्लेऑफमधील जागा जवळजवळ निश्चित होती, त्यामुळे वारंवार जिंकणाऱ्या संघाला १०० गुणांची कपात सोसता येत होती, तर विजयाविना केवळ गुणांवर जागा मिळवू पाहणाऱ्याचा हंगाम तिथेच संपत होता. दंडाचा आकडा समान ठेवून परिणाम समान राहत नाही. आर्थिक दंड संघाच्या उत्पन्नाच्या प्रमाणात ठेवावा, अपील मंडळाने प्रत्येक निकालाची कारणे लिहून प्रसिद्ध करावीत आणि मुद्दाम मारलेल्या धडकेसाठी निलंबनाच्या अटी हंगामापूर्वी जाहीर कराव्यात, या मागण्या चाहत्यांनी नॅस्कारपुढे नाव घेऊन मांडाव्यात.