कुत्र्याचं ऑस्कर हुकलं म्हणे!

ऑस्करचा हंगाम आला की एक पोस्ट हटकून फिरते. पहिल्या ऑस्करला अभिनेत्याच्या गटात सर्वाधिक मतं म्हणे रिन-टिन-टिन या मूकपटांतल्या स्टार कुत्र्याला पडली. अकादमीची पंचाईत झाली आणि ऑस्करची बाहुली दुसऱ्या नंबरच्या एमिल यानिंग्स या जर्मन नटाला दिली. पुढे बोलपट आले आणि यानिंग्सची कारकीर्द संपली.

किस्सा झकास, पण मुळात मतमोजणी होतीच कुठे? सदस्यांनी नावं सुचवायची, समित्यांनी ती गाळायची आणि शेवटचा शब्द पाच परीक्षकांचा, अशी तेव्हाची रीत. कुणी गंमत म्हणून कुत्र्याचं नाव लिहिलं असेलही. अखेरच्या यादीत यानिंग्ससमोर होता अमेरिकी नट रिचर्ड बार्थेलमेस. चॅप्लिनचं नाव स्पर्धेतून काढून त्याला विशेष पुरस्कार दिला गेला.

'पंचाईत' तर दूरच. निकाल १८ फेब्रुवारी १९२९ला जाहीर झाला, समारंभ १६ मेला. यानिंग्स त्याआधीच युरोपला निघाला होता, म्हणून बाहुली त्याला आधीच दिली. ऑस्कर हातात घेणारा तो पहिला माणूस.

आणि तो काही उपटसुंभ नव्हता. जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊचा 'द लास्ट लाफ' (१९२४) बघा. यानिंग्स मोठ्या हॉटेलचा म्हातारा दरवान, त्याचा झगझगीत गणवेश काढून घेतात आणि त्याला स्वच्छतागृहात टॉवेल द्यायला बसवतात. कोट अंगावरून उतरतो आणि तो ताठ गडी डोळ्यांदेखत वाकतो. पडद्यावर संवादाच्या पाट्या जवळजवळ नाहीतच. सगळं काम त्याची पाठच करते.

बोलपटाचं म्हणणं अर्धंच खरं. जर्मन उच्चारामुळे हॉलिवूड सुटलं, हे कबूल. पण 'द ब्लू एंजल' (१९३०) बोलपटच आहे! त्यातला प्रोफेसर, म्हणजे यानिंग्स, आपल्याच गावकऱ्यांपुढे रंगमंचावर विदूषक होऊन उभा राहतो, डोक्यावर अंडी फुटतात आणि तो कोंबड्यासारखा आरवतो. ते आरवणं मूकपटात कसं ऐकवणार होतात? १९३७मध्ये व्हेनिसला 'डेर हेर्शर' या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कारही त्यालाच मिळाला.

पोस्टमध्ये जे असायला हवं ते मात्र नाही. हा माणूस नाझी राजवटीचा लाडका नट होता. ब्रिटिशांविरुद्धच्या 'ओम क्र्यूगर' (१९४१) या प्रचारपटात त्याने मुख्य भूमिका केली. युद्धानंतर त्याला काम मिळालं नाही ते त्यामुळे, आवाजामुळे नव्हे. १९५०च्या जानेवारीत तो ऑस्ट्रियात वारला.