‘महिने भरले की परवाना मिळतो’ हा निरोप पुढे पाठवण्याआधी

मर्चंट नेव्हीतल्या मुलांच्या मोबाईलवर एक निरोप सतत फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: ‘वरच्या रँकच्या परवान्याला समुद्रावरचे महिने लागतात, बाकी काही नाही. ते कुठल्याही जहाजावर काढा. कोर्स हा संस्थांचा धंदा आहे. जो रोज वॉच ठेवतो, म्हणजे पाळीनं जहाज सांभाळतो, त्याला वर्गात काय शिकवणार? हातच्या काकणाला आरसा कशाला? एकदा सीओसी (सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्सी, म्हणजे अधिकाऱ्याचा परवाना) हातात आलं की जन्माचं काम झालं, आणि ते कुठल्याही देशाच्या झेंड्याखाली चालतं.’

मी डेकवर बरीच वर्षं काढली, चीफ मेट (कॅप्टनच्या लगतचा अधिकारी) असताना कॅडेटांची ट्रेनिंग रेकॉर्ड बुकं, म्हणजे प्रशिक्षणातली कामं नोंदवायच्या वह्या, तपासली. या निरोपावर विसंबून पुढची आखणी करणाऱ्याची वर्षं फुकट जातात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेतो.

आधी महिन्यांचं बघू. जवळपास सगळ्या देशांच्या परवान्यांचा पाया म्हणजे १९७८ चा एसटीसीडब्ल्यू करार, म्हणजे दर्यावर्दींचं प्रशिक्षण, परवाने आणि वॉच यांचे निकष ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार. १९९५ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये मनिलात त्यात मोठे बदल झाले. करारात ‘सी-टाइम’ची व्याख्याच अशी आहे की जो परवाना मागताय त्याच्याशी संबंधित अशी जहाजावरची सेवा. ‘संबंधित’ हा शब्द निरोपात गायब आहे. मासेमारी नौका आणि व्यापारात नसलेल्या खासगी यॉट या करारात येतच नाहीत. तिथले महिने धरायचे का, आणि किती, हे परवाना देणारं प्रशासन ठरवतं.

५०० ग्रॉस टनेज (जहाजाच्या आकारमानाचं माप) किंवा त्याहून मोठ्या जहाजावर वॉच सांभाळणारा अधिकारी व्हायचं तर मंजूर प्रशिक्षणासह १२ महिने लागतात, आणि ते काम रेकॉर्ड बुकात नोंदलेलं असावं लागतं. त्या मार्गानं न जाणाऱ्याला ३६ महिने. शिवाय किमान सहा महिने कॅप्टन किंवा पात्र अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, प्रत्यक्ष वॉच ठेवलेला हवा. इंजिनरूमलाही अशीच सहा महिन्यांची अट आहे. माझ्याकडे एक मुलगा आला होता. महिने भरपूर, पण कंपनीच्या पत्रात ‘डेक कॅडेट म्हणून काम केलं’ एवढंच. ब्रिजवॉचचा उल्लेख नाही, रेकॉर्ड बुकातली अर्धी पानं सहीविना. वॉच त्यानं ठेवला होता, मला त्यात शंका नव्हती. पण तोवर कॅप्टन दुसऱ्या कंपनीत गेलेला, जहाज विकलेलं. सही घ्यायची ती साइन ऑफ करण्याआधी, म्हणजे काम संपवून उतरण्याआधी, त्याच जहाजावर.

पुढच्या पायऱ्यांवरही नुसती बेरीज चालत नाही. ३००० टनेज आणि त्यापुढच्या जहाजावर चीफ मेट व्हायला वॉच अधिकारी म्हणून १२ महिने. मास्टरला, म्हणजे कॅप्टनला, ३६, त्यातले किमान १२ महिने चीफ मेट म्हणून काढले असतील तर २४ वर येऊ शकतात. इंजिन विभागात ३००० किलोवॅट आणि त्यापुढे चीफ इंजिनिअरचंही गणित हेच, फक्त तिथे सेकंड इंजिनिअर म्हणून १२ महिने. म्हणजे काळ कुठल्या पदावर काढला यावर वर्षभराचा फरक पडतो. आणि हे आकडे किमान आहेत. देश त्याहून जास्त मागू शकतो. आपल्या प्रशासनाचा नियम वाचल्याशिवाय कॉन्ट्रॅक्टवर सही करू नका.

आता कोर्सचा मुद्दा. यातला राग मला समजतो. फी अनेकदा आपल्याच खिशातून जाते, रजा वर्गात जाते, आणि नुसती हजेरी लावून सर्टिफिकेट मिळालेले लोक मीही पाहिलेत. ते चुकीचंच आहे. पण त्यावरून ‘अनुभव पुरे’ हा निष्कर्ष निघत नाही. वॉच ठेवून तुम्ही आजचं काम शिकता. परवाना मागता तो उद्याच्या, अजून न केलेल्या कामाचा. आणि बंद जागेतली आग, जहाज सोडण्याची वेळ, पाणी शिरल्यावर ढासळणारी स्टॅबिलिटी (जहाजाचा तोल) यांचा अनुभव कुणाला आधी मिळत नाही, मिळू नये.

‘रॉयल मॅजेस्टी’चं उदाहरण घ्या. जून १९९५ मध्ये हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बोस्टनला निघालं. निघाल्यावर थोड्याच वेळात जीपीएस अँटेनाची केबल निसटली, आणि यंत्रणा अंदाजानं स्थान दाखवू लागली. ३४ तासांहून जास्त काळ कुणाच्या लक्षात आलं नाही. मार्गाची खूण म्हणून तरंगत ठेवलेला एक अपेक्षित बोया दिसला नव्हता, तरी तो पार केल्याचं कॅप्टनला सांगण्यात आलं. जहाज १७ मैल भरकटून नॅनटकेटजवळ उथळ पाण्यात रुतलं. ब्रिजवरचे लोक नवखे नव्हते. तपासात दोष निघाला तो यंत्रणेवरच्या आंधळ्या भरवशाचा, आणि ती यंत्रणा नीट न शिकवल्याचा. रोजच्या सवयीनं त्यांना हे शिकवलं नाही, उलट तपासणं सोडायला लावलं.

२००८ मध्ये ‘सीएफएल परफॉर्मर’ इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यालगत वाळूच्या दांड्यावर चढलं. ते एक्डिसवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नकाशांवर चालत होतं, आणि ब्रिजवरच्या एकाही अधिकाऱ्याचं एक्डिसचं प्रशिक्षण झालेलं नव्हतं. मनिला बदलांनी हे प्रशिक्षण अधिकाऱ्यांच्या पात्रतेत आणलं.

निरोपवाले इथे २०१३ मधलं ‘ओव्हिट’ टँकर पुढे करू शकतात, आणि ते रास्त आहे. डोव्हरच्या सामुद्रधुनीत ते रुतलं तेव्हा अधिकाऱ्यांचा एक्डिस कोर्स झालेला होता. तरी सेटिंग चुकीचं होतं, अलार्म वाजत नव्हता. प्रमाणपत्र होतं, हातात यंत्र बसलेलं नव्हतं. यावरचा इलाज म्हणजे सिम्युलेटरवर घाम काढणारा कोर्स आणि मग जहाजावरच्या त्याच यंत्राची ओळख. कोर्सच नको, हा इलाज कसा होईल?

‘जन्माचं काम झालं’ हे तर सरळ खोटं आहे. सीओसीची मुदत फार तर पाच वर्षं. रिव्हॅलिडेशनला, म्हणजे मुदत वाढवून घ्यायला, मागच्या पाच वर्षांत एकूण १२ महिने, किंवा लगतच्या सहा महिन्यांत तीन महिने पदाला साजेशी सेवा लागते. नाहीतर मंजूर परीक्षा, प्रशिक्षण असे दुसरे मार्ग धरावे लागतात. जीव वाचवण्याच्या तंत्राची आणि आग विझवण्याची क्षमता टिकवून असल्याचा पुरावा दर पाच वर्षांनी द्यावा लागतो. मेडिकल जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं. किनाऱ्यावर नोकरी धरलेल्यांनी सीओसीची मुदत संपण्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवावी.

झेंड्याचं म्हणाल तर, दुसऱ्या देशाच्या जहाजावर अधिकारी म्हणून जायचं तर त्या देशाचं एन्डॉर्समेंट, म्हणजे तुमचा परवाना मान्य असल्याचा दाखला, लागतं. अर्ज केल्याचा पुरावा असेल तर तीन महिन्यांपर्यंत काम करू देता येतं, त्यापुढे नाही. टँकर, वायूवर चालणारी जहाजं आणि ध्रुवीय पाणी यांचं प्रशिक्षण वेगळं.

निरोपाच्या काही आवृत्त्यांना शेवटी शेपूट असतं: ‘कंपनीला गरज पडली की परवान्याविनाही वरची रँक मिळते.’ अशी सूट करारात आहे, पण ती कंपनी देत नाही, प्रशासन देतं. अपवादात्मक गरजेत, एका ठरावीक माणसाला, एका ठरावीक जहाजावर, फार तर सहा महिने. आणि तो लगतच्या खालच्या पदासाठी पात्र असेल तरच. मास्टर आणि चीफ इंजिनिअर यांच्या जागेवर तर अगदीच नाइलाज झाला तर, आणि तेही शक्य तितक्या कमी दिवसांसाठी.