"साधा कार्बोरेटर साफ करायला एवढे दिवस?" या रिव्ह्यूला गॅरेज मालकाचं उत्तर

नमस्कार साहेब, तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला इतके दिवस गाडीशिवाय राहावं लागलं, त्रास झाला, त्याबद्दल मनापासून सॉरी. एक स्टार दिलात तो तुमचा हक्क आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. आमच्या मुलाचं फोनवरचं बोलणं तुम्हाला तुटक वाटलं असंही लिहिलंय, त्याच्याशी माझं बोलणं झालंय. पण "साधा कार्बोरेटर साफ करायचा होता, गाडी उगाच अडकवून ठेवली, व्हिडिओत हेच काम वीस मिनिटांत होतं" हे जे लिहिलंय ना, ते मनाला लागलं. कार्बोरेटर म्हणजे इंजिनसाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग, वाचणाऱ्याला वाटेल की आम्ही गाडी कोपऱ्यात लावली आणि विसरून गेलो. जुन्या गाडीवाला माणूस हल्ली आधी रिव्ह्यू वाचतो आणि मगच गाडी कोणाच्या हातात द्यायची ते ठरवतो, आमचं पोट त्यावर आहे, म्हणून हे इथेच सांगावं लागतंय.

तुमची तक्रार काय होती? सकाळी गार असताना गाडी लागत नाही, सेल मारून मारून बॅटरी बसते, पण एकदा गरम झाली की दिवसभर पहिल्या सेलला लागते. बरोबर? मग साहेब ही तक्रार गार इंजिनवरच बघता येते ना! गरम गाडीवर ती तक्रार नसतेच. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावून काय कळणार? इंजिन एकदा चालू झालं की ब्लॉक, ऑइल, मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोल इंजिनात नेणारा पाइप) सगळं तापतं आणि ते आतपर्यंत पुरतं गार व्हायला रात्र जावी लागते. म्हणजे आज एक गोष्ट दुरुस्त केली तर ती खरंच लागू पडली का हे उद्या सकाळीच कळणार. दिवसाला एकच चान्स. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर नक्की कशाने फरक पडला ते ना मला कळणार ना तुम्हाला. तुम्हाला वीस मिनिटांत गाडी साफ करून देता आली असती, तुम्ही खुशीत घरी गेला असता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच.

आणि आता लिहितोच आहे तर हेही लिहितो, राग मानू नका. तुम्ही सकाळी कामाला जाता जाता गाडी बघायला यायचात, जीव आहे तुमचा गाडीवर, ते मला आवडतंच. पण आम्ही प्लग काढून बघायच्या आत तुम्ही आत बसून सेल मारायचात. एकदा नाही, अनेकदा झालं हे. रात्रभर गार ठेवलेली गाडी तुम्ही चालू केली की त्या दिवसाची तपासणी गेली, प्लग कोरडे होते की ओले हेही मग सांगता येत नाही. त्या मुलाने तुम्हाला "सर, हात लावू नका" म्हटलं ते याचसाठी. तो तुटक बोलला असेल पण कारण खरं होतं.

आता काम काय केलं ते. सुरुवात कार्बोरेटरपासून केलीच नाही, कारण गार गाडीची निम्मी दुखणी इग्निशनची, म्हणजे ठिणगीची असतात आणि बदनाम होतो कार्बोरेटर. बॅटरी नुसती ठेवलेली असताना १२.६ व्होल्ट दाखवते, पण सेल मारताना ती किती खाली येते ते महत्त्वाचं, साडेनऊच्या खाली गेली तर स्टार्टर फिरतो पण स्पार्कला जोर राहत नाही. ते तुमचं ठीक होतं. पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, जळकट होते, ते साफ करून गॅप ०.४ मिलिमीटरला लावला. प्लग काळेकुट्ट होते. म्हणजे पेट्रोल कुठेतरी जास्त जात होतं, आणि तरीही गार असताना कमी पडत होतं. हे कोडं होतं साहेब, आणि वेळ इथेच गेला.

एअर फिल्टर काढून चोकची, म्हणजे गार गाडीला हवा अडवणाऱ्या पाकळीची, नॉब पूर्ण ओढली. नॉब पूर्ण बाहेर आणि कार्बोरेटरच्या तोंडावरची पाकळी अर्धीच बंद, मधून बोट आरामात जाईल एवढी फट. चोक केबलचं बाहेरचं कव्हर क्लॅम्पमधून सरकत होतं, त्यामुळे सगळी ओढ कव्हर सरकण्यातच जायची आणि पाकळीपर्यंत पोचायचीच नाही. आत बसलेल्याला वाटतं चोक लागला. गार हवेत पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं मॅनिफोल्डच्या गार भिंतींवरच चिकटून राहतं, म्हणून पाकळीने हवा अडवून पेट्रोल नेहमीपेक्षा कितीतरी जास्त ओढून घ्यावं लागतं. गरम गाडीला १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे गणित चालतं, गार गाडीला अजिबात नाही. अर्ध्या चोकवर ती लागणार कशी?

केबल बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी फरक पडला पण समाधान नव्हतं, दोन-चार फटके देऊन बंद पडायची. मग अ‍ॅक्सिलरेटर पंप बघितला, पॅडल दाबलं की जास्तीच्या पेट्रोलची धार मारतो तो. इंजिन बंद ठेवून वरून टॉर्च मारायचा आणि हाताने थ्रॉटल (पॅडलने उघडते ती झडप) फिरवायचा, नळीतून पेट्रोलची बारीक सरळ धार पडली पाहिजे. तुमच्या गाडीत दोन थेंब ठिबकले. पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, पापडासारखा कडक झालेला. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही, हे मी तुम्हाला गाडी परत नेताना दाखवलंही होतं, रिव्ह्यूत त्याचा उल्लेख नाही.

आणि काळ्या प्लगचं कारण आयडल जेटमध्ये निघालं, म्हणजे पॅडल न दाबता इंजिन चालू असताना पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात. आधी कुठेतरी कोणीतरी कचरा काढायला त्यात तार घातलेली. पितळेचा जेट असतो, त्यावर ५० आकडा असला तर भोक अर्ध्या मिलिमीटरचं, ते तारेने किंचित जरी मोठं झालं तरी हिशोब संपला. जेट हवेने आणि क्लीनरने साफ करतात, तार घालायचीच नाही. हा नुसता साफ करून उपयोग नव्हता, बदलावाच लागला, आणि जुन्या गाडीचा योग्य नंबरचा जेट मागवून यायला वेळ लागतो, तो वेळ माझ्या हातात नाही. कुठलाही बसवून पाठवणं मला जमत नाही. बाकी फ्लोटची (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची पातळी ठरवणारा तरंगता भाग) लेव्हल लावली, मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून एअर घेते का तेही बघितलं, घेत नव्हती.

तुम्ही लिहिलंय की अजूनही एका सकाळी लागली नाही आणि पेट्रोलचा वास आला. वास आला म्हणजे पेट्रोल पोचतंय साहेब, जास्तच पोचतंय. चोक पूर्ण ओढून वर पॅडल पाच-सात वेळा मारायची तुमची सवय आहे, आधी पंप मेलेला होता म्हणून ते खपून जायचं, आता पंप चालू आहे, प्रत्येक वेळी धार पडते आणि प्लग ओले होतात. चोक ओढा, पॅडल सावकाश दोनदा दाबून सोडा, पाय काढा, मग सेल मारा. लागली की चोक हळूहळू आत ढकला, लागल्या लागल्या बंद करू नका आणि गाडी तापल्यावर ओढून ठेवूही नका. ओव्हरफ्लो झालीच तर चोक पूर्ण आत, पॅडल तळाला दाबून तसंच धरा, पंप करू नका, आणि सेल मारा, हवा जाऊन साफ होईल. गाडी बरेच दिवस उभी असेल तर फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उडून गेलेलं असतं, मेकॅनिकल पंपाने ते भरेपर्यंत सेल जास्त मारावा लागणार, तो बिघाड नव्हे. हे सगळं गाडी देताना सांगितलं होतं, पण तुम्ही फोनवर होता.

यापुढे काम कुठपर्यंत आलं ते गिऱ्हाइकाला वेळच्या वेळी कळेल असं काहीतरी करतोय, गार स्टार्टच्या गाड्यांना वेळ का लागतो तेही आधीच नीट समजावून सांगू. तुमची गाडी संध्याकाळी आणून लावा, रात्रभर राहू द्या, सकाळी तुम्ही स्वतः उभे राहा आणि तुमच्यासमोर पहिला सेल मारू. त्याचे पैसे घेणार नाही. नाही लागली तर तुमचा रिव्ह्यू आहे तसा राहू द्या. लागली तर निदान "उगाच अडकवून ठेवली" एवढं वाक्य तरी काढा.