खुलासा: बाटल्या धुताना ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करू नका

नाताळच्या घरगुती वाईनसाठी जुन्या बाटल्या ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र ओतून धुवा, असा मेसेज वसईतल्या आपल्या ग्रुपवर फिरतोय. घाईत मीही तो पुढे पाठवला, त्याबद्दल माफी मागते. ब्लीचमध्ये व्हिनेगरसारखं आम्ल मिसळलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो. आम्लात मिसळू नये, ही सूचना ब्लीचच्या बाटलीवरही असते.

तळाचा जांभळा गाळ सुटायला धुण्याचा सोडा घातलेलं कोमट पाणी रात्रभर पुरतं. सकाळी मूठभर तांदूळ घालून बाटली खळखळवा, चार पाण्यांनी विसळा. मग थंड पाण्यात ठेवूनच उकळत आणा. एकदम गरम पाणी ओतलं तर काच तडकते. रॉकेल, फिनेल भरलेली बाटली मात्र नकोच.

तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा खुलासा आजच कळवा.