उंच गाडी आणि कमी उंचीचा चालक : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

उंच अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकल कमी उंचीच्या चालकाने स्वतःच्या सोयीची कशी करून घ्यावी, या माझ्या लेखावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. उत्तराला आठवडा लागला, कारण आपल्या एका आक्षेपाची शहानिशा मला पुन्हा गाडीवर मापे घेऊनच करायची होती. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : सस्पेन्शनला हात लावला की अभियंत्यांनी विचारपूर्वक बसवलेली गाडीची घडी मोडते, दोन्ही पाय जमिनीला लागलेच पाहिजेत हा नवख्यांचा हट्ट आहे, सरावलेल्या माणसाला एक पाय पुरतो, लोअरिंग लिंक (मागचे सस्पेन्शन खाली आणण्यासाठी बदलायची जोडपट्टी) सुचवताना मी साइड स्टँडचा साधा उल्लेखही केलेला नाही, आणि ज्याला उंची झेपत नाही त्याने सरळ दुसरी गाडी घ्यावी.

लोअरिंग लिंक आणि साइड स्टँडच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तिथे चूक माझी आहे. माझी उंची पाच फूट एक इंच असून गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० आहे. उपनगरातल्या एका गॅरेजमध्ये मी मागच्या सस्पेन्शनची लिंक बदलून घेतली आणि गाडीची मागची बाजू ३० मिलिमीटर खाली आली. पुढचा फोर्क (पुढचे चाक धरणारी नळ्यांची जोडी) होता तसाच राहिला, साइड स्टँडही होता तसाच राहिला, आणि त्या दिवशी दोन्ही टाचा जवळजवळ जमिनीला लागल्या या समाधानात मी पुढचे काहीच विचारले नाही. गाडी खाली आली आणि स्टँडची लांबी तेवढीच राहिली, की गाडी स्टँडवर कलून न उभी राहता जवळजवळ सरळ उभी राहते, आणि जमीन उजवीकडे थोडी जरी उतरती असली तरी तिला त्या बाजूला पडायला एखादा धक्का पुरतो. कामानिमित्त मी दर महिन्याला मुलुंडहून भिवंडी-वाडा मार्गे मोखाड्याच्या पाड्यांवर जाते. तिथल्या एका शाळेच्या अंगणात उभी केलेली गाडी अशीच उजवीकडे कोसळली. नुकसान म्हणाल तर पुढच्या ब्रेकचा लिव्हर तुटला, इतकेच. पण थोड्या वेळापूर्वी त्याच जागी मुले खेळत होती, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो. हा प्रसंग मूळ लेखात यायलाच हवा होता.

केवळ मागची बाजू खाली आणण्याचा दुसरा परिणाम चालवताना जाणवतो. या गाडीच्या दोन चाकांमधले अंतर १५१० मिलिमीटर आहे. मागची बाजू ३० मिलिमीटर उतरली तर संपूर्ण गाडी साधारण १.१ अंशाने मागे कलते. आकडा किरकोळ वाटतो, पण तेवढ्याने पुढच्या फोर्कचा कोन अधिक पसरट होतो, ट्रेल (हँडलच्या अक्षाची रेष जमिनीला भेटते तिथपासून टायर टेकण्याच्या जागेपर्यंतचे अंतर) वाढतो आणि घाटातल्या आवळ वळणावर हँडल जड लागते. हेडलाइटचा झोतही तेवढाच वर उचलला जातो, म्हणजे ५० मीटर अंतरावर तो जवळजवळ एक मीटर उंच पडतो. त्यामुळे समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला मात्र जवळचा खड्डा दिसत नाही. पुढची बाजूही तेवढीच खाली यावी म्हणून फोर्कच्या नळ्या त्यांना धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये त्याच प्रमाणात वर सरकवल्या, चाक पूर्ण दबल्यावर पुढचे मडगार्ड खालच्या क्लॅम्पला घासत नाही याची खात्री करून घेतली, स्टँड कापून पुन्हा वेल्ड करून घेतला, चेनचा ताण नव्याने पाहिला आणि हेडलाइट पुन्हा लावला, तरच लिंकचे काम पुरे झाले असे म्हणता येते. एवढे करणारे गॅरेज मला तेव्हा मिळाले नाही. मी ती लिंक काढून टाकली.

मात्र सस्पेन्शनला हातच लावू नये, या आपल्या पहिल्या मुद्द्याशी मी सहमत नाही, आणि माझे मुख्य म्हणणे इथेच आहे. अभियंते स्प्रिंग ठरवतात ती कोणाच्या तरी वजनाचा अंदाज धरून. चालक बसल्यावर सस्पेन्शन जितके दबते त्याला सॅग म्हणतात, आणि अशा गाड्यांत तो एकूण हालचालीच्या ३० ते ३३ टक्के असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. हिमालयन ४५० च्या मागच्या चाकाची हालचाल २०० मिलिमीटर आहे, म्हणजे सॅग ६० ते ६६ मिलिमीटर यायला हवा. जॅकेट, बूट आणि हेल्मेट धरून माझे वजन ५६ किलो भरते. स्प्रिंगचा प्रीलोड (तिला आधीच दिलेला दाब) सर्वांत कमी ठेवून मी माप घेतले, तेव्हा सॅग ४२ मिलिमीटर भरला. याचा अर्थ, ज्याच्यासाठी ती स्प्रिंग योग्य आहे अशा जड चालकाखाली गाडी जिथे बसते, त्याहून ती माझ्याखाली सुमारे दोन सेंटिमीटर उंच उभी असते. आखूड पायांचा माणूस बहुधा हलकाही असतो, म्हणून उंच गाडी त्याच्या वाट्याला आणखी उंच होऊन येते, ही गोष्ट आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही.

शिवाय ही केवळ उंचीची अडचण नाही. सॅग कमी असला की चाकाला खाली जायला जागा उरत नाही. खड्ड्याच्या काठावरून चाक खाली उतरण्याऐवजी अधांतरी राहते आणि मग आदळते. म्हणून मी मऊ स्प्रिंग बसवून घेतली, फोर्क क्लॅम्पमध्ये दहा मिलिमीटर वर घेतला आणि सॅग ६१ वर आणला. चाकाची पूर्ण हालचाल जशीच्या तशी राहिली, लिंकचे गुणोत्तर बदलले नाही, आणि अभियंत्यांनी कल्पिलेल्या बैठकीच्या माझी गाडी आज पूर्वीपेक्षा जवळ आहे. त्यांनी बसवलेली घडी मोडू नये, असा आपला आग्रह असेल तर हलक्या चालकाने स्प्रिंग बदलणे हे ती घडी पाळणेच होय. याची किंमतही सांगायला हवी : मूळ शॉकअपचे रिबाउंड डॅम्पिंग (दबलेली स्प्रिंग परत उसळताना तिला घातलेला आवर) मऊ स्प्रिंगला थोडे जास्त पडते, त्यामुळे लागोपाठच्या खड्ड्यांत मागची बाजू सावकाश वर येते, आणि मागे कोणी बसणार असेल तर प्रीलोड वाढवावाच लागतो, नाहीतर गाडी तळाला टेकते.

हे माप घरी घेता येते. मागचे चाक अधांतरी राहील अशी गाडी उचलून धरावी, चाकाच्या अ‍ॅक्सलपासून सीटखालच्या एखाद्या ठरावीक बिंदूपर्यंतचे अंतर मोजावे. मग गाडी खाली ठेवून, पूर्ण पोशाखात तिच्यावर बसून, दुसऱ्याकडून तेच अंतर मोजून घ्यावे. दोन्हींतला फरक म्हणजे सॅग. इमारतीच्या पार्किंगमध्ये तिघांना पंधरा मिनिटे लागतात.

सीटबद्दल आपण काही लिहिले नाही, पण जाहिरातीतला सीटच्या उंचीचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. पाय सरळ खाली जात नाहीत, ते सीटच्या दोन्ही कडांना वळसा घालून जमिनीवर येतात. म्हणून एका पावलापासून सीटवरून दुसऱ्या पावलापर्यंतचा वळसा मोजला तरच खरे कळते. बीएमडब्ल्यू आपल्या तांत्रिक तपशिलात सीटच्या उंचीबरोबर हे मापही देते, आणि बाकीच्यांनीही ते द्यावे, असे मला वाटते. हिमालयन ४५० ची मूळ सीट ८२५ मिलिमीटरवर असते, ती ८४५ पर्यंत उचलता येते, आणि कंपनीचीच कमी उंचीची सीट घेतली तर ८०५ वर बसता येते. मी ती घेतली आणि कुर्ल्यातल्या सीटवाल्याकडून टाकीजवळच्या दोन्ही कडांचा फोम उतरवून घेतला. मधला फोम मुळीच कापू दिला नाही, कारण तो पातळ झाला की तासाभरात माकडहाड खालच्या प्लास्टिकवर येते. सीट अरुंद झाल्याचा लाभ मला खाली झाल्याच्या लाभाइतकाच मिळाला. आज दोन्ही चवडे घट्ट टेकतात. टाचा टेकत नाहीत, आणि त्याची गरजही उरलेली नाही.

आता एका पायाबद्दल. कंबर थोडी डावीकडे सरकवून डावा पाय पूर्ण टेकवणे आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवणे, हे तंत्र प्रत्येकाने शिकलेच पाहिजे. मी ते मैदानात चार रविवार घोटले. पण ते तंत्र जमीन कुठे आहे हे आधीच ठाऊक आहे असे गृहीत धरते, आणि मुंबईत ते ठाऊक नसते. रस्ता पाणी वाहून जावे म्हणून कडेकडे उतरता असतो. आपण डावीकडून चालतो, म्हणजे आपला डावा पाय नेमका खालच्या बाजूला पडतो. जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर पावसात, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक यांच्या सांध्यावर, साचलेल्या पाण्याखाली तो पाय दोन इंच जास्त खाली जातो. उजवा टेकवावा तर मागचा ब्रेक सुटतो, आणि चढावर तो सुटून चालत नाही. गाडीचे वजन १९६ किलो आहे. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर आणि हँडलची पकड साधारण एक मीटरवर धरली, तर गाडी १० अंश कलल्यावर ती सावरायला सुमारे २० किलोचा जोर लागतो. २० अंशांवर तोच ४० किलो होतो. पाऊल त्या दोन इंचांत जमीन शोधत असते तेवढ्यात गाडी पहिल्या कोनातून दुसऱ्या कोनाकडे जात असते. पाऊणशे किलोचा माणूस ती दुसऱ्या कोनातही ओढून आणील. माझ्या वजनाच्या बाईला ती पहिल्याच कोनात थांबवावी लागते. मी दोन्ही चवड्यांचा आग्रह धरते तो एवढ्याचसाठी. दर सिग्नलला दोन्ही पाय टेकवावेत असे माझे म्हणणे नाही. ऐनवेळी कोणताही एक टेकवता आला पाहिजे.

दुसरी गाडी घ्यावी, हा सल्ला आपण सद्भावनेने दिलात याची मला जाणीव आहे. पण मोखाड्यापुढे पाड्याकडे उतरणाऱ्या दगडी वाटेवर मला २३० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स आणि समोरचे २१ इंची चाक हवे आहे, आणि त्या वाटेची ही गरज माझी उंची पाहून कमी होत नाही. उंची हा गाडीचा अटळ धर्मही नव्हे. हीरोने एक्सपल्स २०० ४व्ही ची प्रो आवृत्ती ८९१ मिलिमीटरपर्यंत उंच नेली, तर केटीएमने २०२३ मध्ये ३९० अ‍ॅडव्हेंचरची व्ही आवृत्ती आणून सीट ८५५ वरून ८३० वर उतरवली. निर्मातेच जर एका गाडीच्या दोन उंची करतात, तर चालकाने समजून-उमजून केलेला फेरफार हा अपराध ठरू नये. त्या ३९० ला मात्र मागे लिंकेज, म्हणजे मधल्या जोडपट्ट्या, नाही, शॉकअप थेट स्विंगआर्मला (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याला) जोडलेला आहे, म्हणून बाजारात कोणी तिच्यासाठी लोअरिंग लिंक दाखवली तर ती घेऊ नये.

असे फेरफार कायद्यात बसतात का, असेही आपण विचारले आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. कंपनीचीच सीट घेण्याकडे माझा कल होता, त्याचे हेही एक कारण आहे.

मूळ लेखात मी तीन दुरुस्त्या केल्या आहेत. लिंकचा परिच्छेद शेवटी नेला असून, पुढची बाजू तेवढीच खाली घेतल्याशिवाय आणि स्टँड आखूड केल्याशिवाय ती बसवू नये, असे स्पष्ट लिहिले आहे. सॅग मोजण्याची रीत सर्वांत आधी घातली आहे. आणि लिंक बसवलेल्या माझ्या गाडीचे छायाचित्र काढून टाकले आहे, कारण त्यात गाडी स्टँडवर जवळजवळ सरळ उभी दिसते आणि ते पाहून कोणीतरी तशीच उभी करील.